गोष्टीबाईंनी गाळलेलं वाक्य

नर्सिंग कॉलेजच्या मुलींनी त्यांचं नाव गोष्टीबाई ठेवलं होतं. ते आपल्याला माहीत नाही असं बाई दाखवत, आणि बाईंना ते माहीत आहे हे माहीत नसल्याचं मुली दाखवत. चौतीस वर्षं वॉर्डात काढून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा प्राचार्यांनी नीतिशास्त्राचा तास त्यांच्या गळ्यात मारला. कुणालाच नको असलेला विषय होता तो. पेशंटशी खरं बोलावं, कुणाचं गुपित फोडू नये, चूक झाली तर कबूल करावी. यात शिकवायचं काय? हे सगळ्यांना पाठ असतं आणि वेळ आली की नेमकं कुणालाच आठवत नाही.

शिकणाऱ्या साऱ्या नोकरीवरच्या नर्स. नऊ हॉस्पिटलांतल्या मिळून दीडशेच्या वर. वर्षाकाठी ठरावीक तास भरायची सक्ती, म्हणून दर बुधवारी दुपारी दोन वाजता ऑनलाइन हजर. हजर म्हणजे कुणी ड्युटीवरच चेंजिंग रूममध्ये कानात वायर खुपसून, कुणी बाळाला मांडीवर घेऊन, कुणी केस वाळवत. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या स्वतः तरी कुठे मोठ्या दालनात बसत होत्या? घरातली मागची खोली, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, आणि पाठीमागचं पसाऱ्याचं कपाट दिसू नये म्हणून दोरीवर टाकलेली चादर.

पहिल्या वर्षी त्यांनी नियम शिकवले आणि प्रश्न विचारले. उत्तरं नावानिशी यायची आणि सगळी कशी धुतल्या तांदळासारखी. 'मी ताबडतोब वरिष्ठांना कळवेन.' एकीनं 'वरिष्ठ' लिहिताना चूक केली की पुढच्या चाळीस जणींनी तीच चूक केलेली. दुसऱ्या वर्षी बाईंनी नियम गुंडाळून ठेवले आणि गोष्टी सांगायला सुरुवात केली. गोष्ट अगदी कड्यावर आणून थांबवायची आणि विचारायचं, आता ही काय करेल? चार मिनिटं. उत्तर लिहायचं ते बिननावाचं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं, नाव मलासुद्धा दिसता कामा नये. तो म्हणाला, मॅडम, मग काहीही लिहितील. बाई म्हणाल्या, तेच तर हवंय.

आणि लिहू लागल्या. 'मी गप्प बसेन.' 'मी आधीच्या शिफ्टवर ढकलेन.' 'मी बाथरूममध्ये जाऊन रडेन आणि मग बघेन.' बाई हे सगळं जसंच्या तसं मोठ्यानं वाचायच्या, न रागावता, आणि त्यावर तासभर बोलणं व्हायचं. मुली मायक्रोफोन सुरू करून एकमेकींशी भांडायच्यासुद्धा. त्या तासांत जेवढं खरं बोललं गेलं तेवढं त्या नऊ हॉस्पिटलांच्या भिंतींनी वर्षभरात ऐकलं नसेल.

सगळ्यांत गाजलेली गोष्ट लाल टोपणाची. बाई ती दर वर्षी सांगत. ओळखीची एक सिस्टर, असं म्हणून सुरू करत. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन दोन ताकदींचं मिळतं, चाळीसचं आणि शंभरचं. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरच्या बाटलीतून लाल सिरिंजनं औषध ओढलं, की आकडा तोच दिसतो आणि अंगात जातं अडीचपट. मग पेशंटची साखर खाली खाली जाते. तो ओरडत नाही, तक्रार करत नाही. त्याला नुसती झोप लागते. गोष्टीतली सिस्टर एका पेशंट बाईला जेवणाच्या वेळी इंजेक्शन देते, ती झोपते. तासाभरानं ट्रे आवरताना सिस्टरला शंभरच्या बाटलीशेजारी लाल टोपण दिसतं. आता ही काय करेल?

शेवट असा की सिस्टर धावत डॉक्टरांकडे जाते, शिरेतून साखर दिली जाते, आणि पेशंट डोळे उघडून म्हणते, मेलं किती वेळ झोपले, जरा चहा द्या. डॉक्टर सिस्टरला शाबासकी देतात. हा चहा मुलींना फार आवडायचा. जुन्या तुकडीच्या मुली नव्या तुकडीला आधीच सांगून ठेवायच्या.

त्या बुधवारीसुद्धा बाई लाल टोपणापर्यंत आल्या आणि थांबल्या. दोन वाजून वीस मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा, एकशे त्रेसष्ट जणी. उत्तरं टपटप यायला लागली. सांगेन. सांगेन. सिरिंज आधी लपवेन आणि मग सांगेन. बाई हसत हसत वाचत होत्या आणि पुढचं उत्तरही त्याच सुरात वाचायला लागल्या.

'हे माझ्या हातून आज झालंय. साडेबाराला. पेशंट झोपलाय.'

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर बाईंना आपण काय वाचलं ते उमगलं. थट्टा असेल, असं त्यांना एक क्षण वाटलं. पण थट्टा करणारा 'साडेबाराला' लिहीत नाही. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. दोन तास होत आले होते. कुठल्या तरी हॉस्पिटलात, कुठल्या तरी पलंगावर एक माणूस झोपेत बुडत चालला होता, येणारे-जाणारे आवाज न करता चालत असतील, आणि ते कुठे हे बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती.

माइक बंद करून त्यांनी यजमानांना हाक मारली. यजमान वीज कंपनीतून निवृत्त झालेले, फोनवर अर्ज वाचून दाखवल्यासारखे बोलणारे. भिंतीवर नऊ हॉस्पिटलांच्या मेट्रनचे नंबर चिकटवलेले होते. बाईंनी त्यांना सांगितलं, सगळ्यांना फोन करा, साडेबाराला ज्यांना ज्यांना इंजेक्शन दिलंय त्या सगळ्यांची साखर आत्ता तपासा म्हणावं. यजमानांनी कुठलं इंजेक्शन हे दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. बाईंना त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला.

पहिल्या ठिकाणी फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्या मेट्रनबाई म्हणाल्या, आमच्या मुली असल्या चुका करत नाहीत. भिंतीपलीकडून यजमानांचा 'महोदया, माझी नम्र विनंती अशी' ऐकू येत होता. बाईंनी माइक सुरू केला.

"जिनं लिहिलंय तिनं ऐक," त्या म्हणाल्या. एकशे त्रेसष्ट जणी ऐकत होत्या. "मला तुझं नाव नको. तू आत्ता उठ. पेशंटची साखर बघ. कमी असेल तर डॉक्टरांना सांगून शिरेतून साखर चालू कर. बाकी सगळं नंतर."

उत्तरांच्या चौकटीत एक ओळ आली.

'त्या गोष्टीचा शेवट मला माहीत आहे. माझा तसा होणार नाही. मला नोकरीला लागून तीनच महिने झालेत. मला काढून टाकतील. कदाचित तो नुसता झोपलाही असेल.'

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोर दोन होते आणि एकीनं दुसरीला बरोबर पकडलं होतं. कदाचित तो नुसता झोपलाही असेल. हे वाक्य बाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी मनातल्या मनात म्हटलं होतं, याच शब्दांत. आणि ही पोरगी आत्ता बसून का राहिली होती? बाईंनी चहाचा खोटा शेवट रचला होता म्हणून. शाबासकी मिळते असं सांगणाऱ्या गोष्टीवर, ज्यांचं खरोखर काही जाणार आहे ती माणसं विश्वास ठेवत नाहीत.

खरं सांगितलं तर काय होईल हे बाईंना एका दमात दिसलं. हा तास कॉलेज रेकॉर्ड करतं. प्राचार्य ऐकतील. निवृत्त होताना मिळालेली शाल, ते मानपत्र, भाच्या-पुतण्यांनी भिंतीवर लावलेला फोटो. आणि याहून मोठी भीती वेगळीच होती. सव्वीस वर्षं जे कुणालाच सांगितलं नाही ते तोंडातून काढायचं म्हणजे ते खरोखर घडलं असं होणार होतं. दोन पंचवीस.

"तो शेवट खोटा आहे," त्या म्हणाल्या. "ओळखीची सिस्टर कुणी नाही. मीच होते. मी डॉक्टरांकडे धावले नाही. लाल टोपण दिसलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी ती सिरिंज मोडून टाकली, आणि चादरींच्या खोलीत जाऊन चादरी मोजत बसले. दोनदा मोजल्या. साडेतीनला त्या पेशंटबाईंना झटके आले तेव्हा डॉक्टरांना कळलं. साखर दिली, पण उशीर झाला होता. तीन दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत, चौथ्या दिवशी गेल्या. त्या शाळेत घंटा द्यायच्या. माझी नोकरी गेली नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पुढे हेड सिस्टर झाले, आता तुम्हाला नीती शिकवते. तुझी नोकरी जाईल की नाही मला माहीत नाही. जाईलही. मी खोटं सांगणार नाही. पण तुझ्या हातात अजून वेळ आहे. माझ्याही होता."

एवढं त्या बोलल्या. एक वाक्य मात्र त्यांनी गिळलं. चादरींच्या खोलीकडे जाताना वाटेत जे घडलं होतं ते जिभेवर आलं आणि परत गेलं.

मग कोपऱ्यातला आकडा हलला. एकशे साठ. एकशे बावन्न. एकशे एकतीस. मुली निघून चालल्या होत्या. बाईंना वाटलं, थुंकून चालल्या आपल्यावर. जाऊ देत. पण ती एक गेली की आहे? त्र्याण्णव. एकाहत्तर. इस्त्रीच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्या नुसत्या चौकटीकडे बघत राहिल्या. एकदा त्यांनी हाक मारून बघितली, आहेस का गं? पलीकडे यजमान पाचव्या मेट्रनबाईंना आपलं पूर्ण नाव सांगत होते.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी ओळ आली.

'साखर एकतीस. सलाइनमधून चालू केली. डॉक्टर आलेत. त्यांना सांगितलं, मीच.'

माणसाची साखर शंभराच्या आसपास हवी. एकतीस म्हणजे काठावर. बाई उठून मोरीवर तोंड धुऊन आल्या. परत येऊन बघतात तर पडद्यावरचा आकडा वाढत होता. मुली थुंकून गेल्या नव्हत्या. ज्या ड्युटीवर होत्या त्या आपापल्या वॉर्डात धावल्या होत्या, आपापले ट्रे बघायला, आणि ज्या घरी होत्या त्या वॉर्डात फोन लावायला. यजमान कागद घेऊन दारात आले. सहाव्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा उलटा फोन आला होता. त्यांच्या स्टोअरनं त्या सकाळी शंभरच्या बाटल्या पाठवल्या होत्या आणि ड्रॉवरमध्ये सिरिंज मात्र जुन्या लालच होत्या. त्या मुलीच्या वॉर्डाशिवाय तिथल्याच दुसऱ्या एका वॉर्डातही एक पेशंट तसाच झोपलेला सापडला. तिथल्या सिस्टरला तर आपल्या हातून काही झालंय याची कल्पनाही नव्हती. तोही आता शुद्धीवर येत होता. यजमानांनी हे सगळं वेळेसकट टिपून आणलं होतं. मघाशी ज्यांचा गळा दाबावासा वाटला त्यांच्या खांद्यावर बाईंनी क्षणभर डोकं टेकलं.

तास संपवायला त्या परत बसल्या तेव्हा चौकटीत आणखी एक ओळ येऊन पडली होती.

'पेशंट बोलला. आता बाहेर त्याची बायको बसलीये, तिला सांगायला जाते. खूप भीती वाटतेय. मॅडम, तुम्ही त्यांच्या घरच्यांना कधी सांगितलंत?'

बाईंनी ही ओळ मोठ्यानं वाचली नाही. लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्यांनी रेकॉर्डिंग काढून टाकलं होतं. झालं ते होऊन गेलं, सव्वीस वर्षांपूर्वीचं आता कोण उकरतंय, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बरंच काही म्हणाले. पुढच्या बुधवारी दुसरा विषय घ्या, हेही म्हणाले. बाई हो हो म्हणत होत्या. अळीमिळी गुपचिळी या खेळात त्या स्वतःच इतकी वर्षं पटाईत होत्या, की दुसऱ्यानं खेळायला बोलावलं तर ओळखू येणारच.

शाळेत घंटा देणाऱ्या त्या पेशंटबाईंची मुलगी कुठे असते हे शोधावं लागणार नव्हतं. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान होतं. बाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून तर त्या बाजारात नेहमी लांबच्या बाजूनं शिरायच्या. मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. आई गेली त्या दिवशी तिनं बाईंचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, सिस्टर, तुम्ही फार केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाई तिथे गेल्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या. दारूच्या दुकानात शिरणारा माणूस जसा आजूबाजूला बघतो तसं त्यांनी बघितलं. आत एक गिऱ्हाईक ब्लाउजच्या मापावरून वाद घालत होतं, त्याचा निकाल लागेपर्यंत त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि मनात म्हणत राहिल्या, लवकर संपू नये. गिऱ्हाईक गेलं. दुकानवाली अठ्ठेचाळीसची झाली होती, गळ्यात माप घ्यायची फीत, कानाशी केस पांढरे. तिनं चष्म्यावरून बघितलं.

"सिस्टर ना तुम्ही?"

बाई बसल्या नाहीत. बसलं तर आपण हवापाण्यावर बोलायला लागू, अशी त्यांना भीती होती. त्यांनी उभ्यानंच सांगितलं. बाटली, सिरिंज, टोपण, चादरी. काल एकशे त्रेसष्ट जणींना सांगितलं ते सगळं. आणि मग काल गिळलेलं वाक्य. चादरींच्या खोलीकडे जाताना तुम्ही मला वाटेत अडवून विचारलंत, आई फार वेळ झोपलीय, हलवून उठवू का? तेव्हा मला माहीत झालेलं होतं. टोपण माझ्या खिशात होतं. आणि मी म्हणाले, झोपू द्या त्यांना, आराम पडतोय.

मशीनच्या चाकावरचा हात दुकानवालीनं काढला नाही. ती त्या हाताकडेच बघत होती. ती ओरडेल, मारेल, पोलिसांत जाईल, या सगळ्याची तयारी बाईंनी रात्रभर केली होती.

"दोनदा विचारलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही हसून उत्तर दिलंत. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं नाहीत."

"हो."

"मला वाटत आलं, मीच विचारत बसले. विचारायचं कशाला, सरळ हलवायचं ना. शेजारीच तर बसले होते." तिनं चष्मा काढला. "घरात दुपारी कुणी आडवं झालं की मी उठवते. पोरं लहान होती तेव्हा रडायची. मोठी झाल्यावर भांडायला लागली, आई, झोपू देशील का एकदा. नवरा आजारी असला तरी उठवते. वेड लागलंय म्हणतात मला. तेव्हा हलवलं असतं, तर उठली असती का ती?"

एक दयाळू उत्तर बाईंच्या तोंडाशी तयार होतं. नाही हो, तेव्हा उशीरच झाला होता. कुणाला पडताळता आलं नसतं. या बाईला रात्रीची झोप लागली असती. चार मिनिटांत उत्तर द्या म्हणून सांगणाऱ्या गोष्टीबाईंना आता चार श्वासही पुरेना झाले. चादरींच्या खोलीत वाटली होती तीच भीती आताही होती, जराही कमी न झालेली.

"त्या उठल्या नसत्या," बाई म्हणाल्या. "पण त्या उठत नाहीत म्हणून तुम्ही ओरडला असतात, डॉक्टर आले असते. वाचल्या असत्या."

दुकानवालीचा चेहरा विझला. "म्हणजे माझ्या हातात होतं."

"नाही. तुम्ही विचारलं होतंत. हातात माझ्या होतं."

ती हळूच म्हणाली, "परत म्हणा."

बाईंनी परत म्हटलं.